अंधारातले दोन मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पण लगेच कंपासपेटी उघडून माझी भावंडे शोधू नका. माझ्यावर रेघा नाहीत की सेंटिमीटर नाहीत. माझ्यावर एका ओळीत सतरा काळी टिंबे आहेत. पहिले एक मिलिमीटरचे, मोहरीएवढे. शेवटचे नऊ मिलिमीटरचे, शर्टाच्या गुंडीएवढे. माणसाच्या डोळ्याच्या मधोमध जी काळी बाहुली असते, तिच्या शेजारी मला धरायचे आणि तिच्याएवढे टिंब कोणते ते पाहायचे, एवढेच माझे काम. उजेडात बाहुली लहान होते, अंधारात मोठी होते. जिची होत नाही, तिच्या मालकाचे काहीतरी बिनसलेले असते. एकोणीस वर्षे मी हे पाहते आहे. तरीही एका दुपारी मला असा धक्का बसला की तो अजून ओसरलेला नाही. तोच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या एका मोठ्या तक्त्यावर आम्ही चाळीस बहिणी एकदम छापल्या गेलो आणि पात्याने आम्हाला वेगळे केले. एकोणचाळीस जणी डोळ्यांच्या दवाखान्यांत गेल्या. पांढरे कोट, स्वच्छ खोल्या, नशीब काढले त्यांनी. मला मात्र पाकिटात घालून पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात धाडले. खोटे कशाला सांगू, मी फार नाराज झाले. पोलिसांना डोळे मोजून काय करायचे आहे, असे मला वाटले.

पाकीट फोडून मला खिशात घालणारे गृहस्थ या केंद्रातले शिक्षक होते. सगळे त्यांना घड्याळमास्तर म्हणत, अर्थात पाठीमागे. नशेत गाडी चालवणाऱ्याला ओळखण्याची एक चाचणी असते. माणसाला उभे करायचे, मान मागे, डोळे मिटलेले, आणि सांगायचे, ‘मनातल्या मनात तीस सेकंद मोजा, झाले की डोळे उघडा.’ तरतरी आणणारे काही ज्याने घेतले आहे तो विसाव्या सेकंदालाच डोळे उघडतो. गुंगीत असलेल्याचे तीस सेकंद चाळीस-पन्नासपर्यंत लांबतात. आमच्या मास्तरांचे तीस म्हणजे तीसच. ‘घड्याळं चुकतात, मी चुकत नाही,’ असे ते म्हणत, आणि तेव्हा ते खरेही होते.

नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी ते विचारत, ‘समोरचा चालक नशेत आहे हे कशावरून ओळखाल?’ सगळे एका सुरात म्हणत, ‘वासावरून, सर.’

मग मास्तर खडू खाली ठेवत. ‘उद्यापासून नाक घरी ठेवून या. डोळे घेऊन या.’

दारूला वास असतो आणि ती फुंकायच्या यंत्रात सापडते. पण गोळ्या, पूड, गुंगीची औषधे यांना ते यंत्र ओळखतच नाही. म्हणून मास्तर शिकवत ते निराळेच. जमिनीवरच्या सरळ रेघेवर टाचेला चवडा लावून नऊ पावले चालवायचे आणि तसेच परत आणायचे. एका पायावर उभे करायचे. नाडी मोजायची, ती शिकवायला एक नर्सबाई येत. शेवटी अंधाऱ्या खोलीत नेऊन, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दीड मिनिट थांबून, बारीक टॉर्चच्या मदतीने बाहुली मोजायची. तेव्हा माझी पाळी. प्रत्येक गोष्ट एका फॉर्ममध्ये लिहायची आणि तळाच्या चौकटीत आपले मत द्यायचे. मास्तरांचा नियम एकच होता. वाटते ते लिहू नका, दिसते ते लिहा.

या हट्टाला कारण होते. तरुणपणी चौकात ड्यूटीवर असताना त्यांनी एक टेम्पो थांबवला होता. चालकाला यंत्रात फुंकायला लावले. शून्य आले. ‘जा’ म्हणून सोडून दिले. पुढच्याच वळणावर त्या टेम्पोने रस्ता झाडणाऱ्या एका बाईला चिरडले. चालकाने दारूचा थेंब घेतला नव्हता, गुंगीच्या औषधाची अख्खी बाटली मात्र रिचवली होती. बाईच्या घरी निरोप घेऊन जायची वेळ मास्तरांवरच आली. तिच्या आईने दार उघडले, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘तिचा डबा? तिनं खाल्ला होता का?’ हे सांगताना मास्तर दर तुकडीपुढे याच वाक्यावर थांबत आणि पाणी पीत.

माझे दिवस मजेत चालले होते. एकदा तर मी एकाचा जीव वाचवला, आणि हे मी प्रत्येकाला सांगते. एक तरुण चालक रस्त्यात बरळताना सापडला. सगळ्यांनी ठरवूनच टाकले की हा नशेबाज. मास्तरांनी मला त्याच्या डोळ्यांशी धरले, तर एक बाहुली तीनची आणि दुसरी सहाची. नशा दोन डोळ्यांत असा दुजाभाव करत नाही. त्याच्या डोक्याला आत मार बसला होता. कोठडीऐवजी तो इस्पितळात गेला आणि दीड महिन्याने पेढ्यांचा नव्हे, पण चांगल्या बिस्किटांचा पुडा घेऊन आला. त्या दिवशी दवाखान्यातल्या बहिणींचा हेवा करणे मी सोडून दिले.

पण कौतुक फार दिवस टिकत नाही. केंद्रात एक रीत होती. धडधाकट माणूस कसा दिसतो हे आधी कळल्याशिवाय बिघडलेला ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक तुकडीपुढे मास्तर स्वतः उभे राहत आणि मुले त्यांच्यावरच पहिला फॉर्म भरत. एका वर्षी कुणीतरी तो फॉर्म इतक्या सुबक अक्षरात भरला की मास्तरांनी तो मोठा करून, काच लावून वर्गात टांगला. तीस सेकंद: तीस. नाडी: बहात्तर. बाहुली उजेडात चार, अंधारात साडेसहा. मत: निर्व्यसनी, गाडी चालवण्यास योग्य.

झाले. उत्तर भिंतीवर असताना गणित कोण सोडवतो? त्यानंतर मला मास्तरांच्या डोळ्याशी धरायचे म्हणून धरत आणि आकडा भिंतीवरून उतरवत. माझी टिंबे कुणी पाहीना. मला राग यायचा, पण मास्तर काही बदलणारे नाहीत, चार ते चारच राहणार, असे म्हणून मीही डोळेझाक केली. ती माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी एक पडलेली मोटारसायकल उचलताना मास्तरांच्या पाठीत लचक भरली. डॉक्टरांनी जालीम गोळ्या दिल्या. आणि माझ्या खिशात मला शेजारीण आली, गोळ्यांची चकचकीत स्ट्रिप. सुरुवातीला ती दिवसातून एकदा करकरे. मग दोनदा. मग सकाळी, जेवणानंतर आणि तीन वाजता. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते की या काळात वाहन चालवू नये. पण चिठ्ठीची पाठ कोण वाचतो? मास्तरांनी ती चार घड्या घालून आमच्याच खिशात ठेवली होती.

त्याच काळात मास्तर वर्गात सांगत, ‘औषधाच्या दुकानातली गोळी सुद्धा स्टेअरिंगपुढे बसली की नशाच. डॉक्टरनं दिली म्हणून रस्ता माफ करत नाही.’ हे सांगताना त्यांचा हात खिशावर असे. खरोखर सांगते, ते ढोंग करत नव्हते. नशा म्हणजे दुसऱ्याची, आपले ते दुखणे, अशी त्यांची मनापासून समजूत होती. लोकांना सांगायचे आणि आपण कोरडे राहायचे, यात वाईट माणसेच असतात असे नाही.

रोज चार वाजता मास्तरांच्या नातीची शाळा सुटे. मास्तर गाडी काढून तिला आणायला जात. दुसरीतली पोर, बोलायला लागली की पूर्णविराम नाही. मी खिशात असल्यामुळे मला काही दिसत नसे, फक्त ऐकू येई. गाडी थांबली की कधीकधी कापडावर बोटे वाजल्याचा आवाज येई, टकटक, आणि मग गाडी झटक्यात पुढे जाई. पोरगी हसायची. आजोबा-नातीचा काही खेळ असेल, असे मी समजत होते.

आता त्या दिवसाकडे येते.

त्या तुकडीत एक हवालदारीणबाई होत्या. नऊ वर्षे चौकात शिट्टी मारून आलेल्या, म्हणून सगळे त्यांना शिट्टीताई म्हणत. या केंद्राच्या परीक्षेला त्या दुसऱ्यांदा बसत होत्या. पहिल्या खेपेला त्या प्रत्येक गोष्ट इतका वेळ पाहत बसल्या की फॉर्म अर्धाच राहिला. आणि पास-नापास ठरवणारी सही मास्तरांची.

मास्तर रीतीप्रमाणे उभे राहिले. मान मागे, डोळे मिटलेले. स्टॉपवॉच शिट्टीताईंच्या हातात होते. तीस झाले. पस्तीस झाले. वर्गातले कुणी घड्याळ पाहत नव्हते, सगळे भिंतीवरून ‘तीस’ उतरवून मोकळे झाले होते. मास्तरांनी सावकाश डोळे उघडले आणि विचारले, ‘किती?’

‘तीस, सर,’ पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला. त्याच्या जिभेमुळे त्याला सगळे वकील म्हणत.

शिट्टीताई हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. एक्कावन्न.

‘माझं घड्याळ बिघडलंय वाटतं, सर.’

‘घड्याळं बिघडणारच,’ मास्तर म्हणाले आणि वर्ग हसला. शिट्टीताईही हसल्या, पण त्यांनी ते घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी दोनदा ताडून पाहिले. ते अगदी बरोबर होते.

मग अंधारी खोली. म्हणजे सामानाची कोठी, खिडकीला काळे कापड लावलेली. एकेकाने आत यायचे, टॉर्चच्या तोंडावर अंगठा ठेवून त्या लालसर उजेडात बाहुली मोजायची आणि बाहेर जाऊन लिहायचे. दहा जण आले. दहाही जणांनी मला मास्तरांच्या गालाशी नेऊन परत आणले. मग शिट्टीताई आल्या.

त्यांनी मला नीट धरले. अंगठ्यातून झिरपणारा उजेड डोळ्याच्या कडेला आणला. मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी मी मास्तरांची बाहुली खरोखर पाहिली, आणि माझा माझ्या टिंबांवर विश्वास बसेना. साडेसहा? छे. माझे तिसरे टिंब. दोन मिलिमीटर. ठार अंधारात टाचणीच्या डोक्याएवढी. शिट्टीताईंनी अंगठा काढला, लख्ख उजेड डोळ्यात गेला. बाहुली हललीसुद्धा नाही. अशी बाहुली मी फक्त गुंगीची नशा करणाऱ्या माणसांत पाहिली होती आणि ती माणसे पकडून आणलेली असत. मला जीभ असती तर ती टाळ्याला चिकटली असती.

‘सर, दोन,’ शिट्टीताई हळूच म्हणाल्या.

‘दोन काय?’

‘दोन मिलिमीटर. अंधारात पण दोन, उजेडात पण दोन.’

‘पट्टी उलटी धरली असेल.’

‘नाही, सर.’

‘बाहेर किती लिहिलंय?’

‘बाहेर साडेसहा लिहिलंय. पण मी बाहेर बघत नाहीये, सर. तुमच्या डोळ्यात बघतेय.’

मास्तर म्हणाले, ‘शिट्टीताई, तुमची ही दुसरी खेप ना? तिसरी मिळत नाही, माहीत आहे ना तुम्हाला?’

मास्तरांच्या तोंडून असे काही ऐकेन असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. शिट्टीताई ‘हो, सर’ म्हणाल्या, बाहेर गेल्या आणि फॉर्म भरू लागल्या. साडेतीनला त्यांनी तो टेबलावर ठेवला. तीस सेकंद: एक्कावन्न. पापण्या जड. बाहुली दोन. मत: वेदनाशामक गोळीचा अंमल. गाडी चालवण्यास अयोग्य.

मास्तरांनी तो वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला, मला आणि टॉर्चला खिशात घातले, पण टॉर्चच्या अडचणीमुळे मी अर्धी खिशाबाहेरच राहिले. शेजारीण एकदा करकरली. मग किल्ली उचलून ते आवारात गेले.

गाडीपुढे शिट्टीताई उभ्या होत्या. चौकात उभ्या राहायच्या तशाच, एक हात वर करून. मागे सगळी तुकडी आ वासून उभी. नर्सबाईही पायऱ्यांवर येऊन थांबल्या होत्या.

‘बाजूला व्हा,’ मास्तर म्हणाले. ‘चार वाजता शाळा सुटते. नातीला आणायचंय मला.’

‘म्हणूनच किल्ली मागतेय, सर.’

‘सर, ताईंचं काही मनावर घेऊ नका,’ वकील मधेच म्हणाला. ‘आम्ही दहा जणांनी साडेसहा लिहिलंय.’

मास्तरांनी त्याच्याकडे वळून पाहिले. ‘तुम्ही पाहिलं होतं?’

वकिलासकट दहाही जण जमिनीकडे बघू लागले. आणि मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. दहा सह्यांनी आपल्याला सोडून दिले आहे आणि एकानेही पाहिलेले नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले. यंत्रात शून्य, जा. स्वतःच्याच वर्गात त्यांनी तोच चौक पुन्हा उभा केला होता.

त्यांनी मला खिशातून काढले. माझ्याबरोबर शेजारीणही बाहेर आली आणि फरशीवर पडली. बारापैकी दोन गोळ्या उरलेल्या. नर्सबाईंनी ती उचलली, नाव वाचले आणि मास्तरांचे मनगट हातात घेतले. ‘नाडी पन्नास,’ त्या म्हणाल्या.

मास्तर गाडीच्या आरशापुढे वाकले, डोळ्यावर तळहाताची सावली केली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोळ्याशी धरले. बराच वेळ धरून ठेवले. मग किल्ली शिट्टीताईंच्या हातात दिली.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, वेळेवर कळले, चला, सुटलो. मलाही तसेच वाटले होते.

पोरीला आणायला नर्सबाईंची गाडी निघाली. त्या चालवत होत्या, शिट्टीताई त्यांच्या शेजारी, मास्तर मागे. शाळेतून नात आली आणि आजोबांना चिकटून बसली. आज मागे का, ही गाडी कुणाची, या ताईंच्या गळ्यात शिट्टी का, तिची सरबत्ती सुरू झाली. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. गाडी थांबली. पोरगीही एकदम गप्प झाली. आणि दिवा बदलला तशी तिने मास्तरांच्या खांद्यावर दोन बोटे वाजवली. टकटक.

‘काय गं?’ नर्सबाईंनी विचारले.

‘हिरवा लागला ना. आजोबांना उठवायचं असतं.’

मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, तरी नर्सबाईंना गाडी पुढे घ्यायचे भान राहिले नाही.

‘रोज उठवतेस?’ मास्तरांनी विचारले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘रोज नाही. तुम्ही झोपलात तरच.’

‘कधीपासून?’

‘पहिलीत होते ना, तेव्हापासून. एकदा दिवा नव्हता तरी झोपला होता, तेव्हा मी जोरात हाक मारली होती. आठवतं?’

मास्तरांना आठवत नव्हते.

‘आणि आईला?’

‘नाही सांगितलं. ती तुम्हाला रागावली असती ना.’

मास्तरांनी तिला जवळ ओढले. मी खिशात, म्हणजे दोघांच्या मधोमध दाबली गेले. त्यांचे हृदय सावकाश चालले होते, गोळीमुळे सावकाश, आणि ते रडत होते. मी इतके महिने तो आवाज ऐकला होता आणि त्याला खेळ समजत होते. मोजण्याचा मला केवढा गर्व, आणि जे शेजारी घडत होते ते मी मोजलेच नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढचे थोडक्यात सांगते. मास्तरांनी त्याच संध्याकाळी मुलीला, म्हणजे नातीच्या आईला, सगळे स्वतःच्या तोंडाने सांगितले. मुलगी रागावली नाही; ती नुसती खुर्चीत बसून राहिली, आणि मास्तरांना तेच जास्त लागले. गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, म्हणून डॉक्टरांनी त्या हळूहळू उतरवल्या. सहा महिने लागले आणि ते सोपे गेले नाहीत. शिट्टीताईंच्या परीक्षेला मास्तरांनी आपली सही नको म्हणून दुसरे परीक्षक मागवले. त्या पास झाल्या. बाकीच्या दहांना पहिल्यापासून सगळे शिकावे लागले, वकिलाला सुद्धा.

भिंतीवरची चौकट अजून तिथेच आहे. आतला कागद बदलला आहे. आता तिथे शिट्टीताईंचा फॉर्म आहे, खाली मास्तरांचेच नाव, आणि ‘अयोग्य’ या शब्दाखाली त्यांनी स्वतः ओढलेली रेघ. टेम्पोची गोष्ट सांगून झाली की ते आता ही दुसरी गोष्ट सांगतात. मध्येच थांबून पाणी पितात ते आता टकटकपाशी.

मी म्हातारी झाले आहे. माझा एक कोपरा तुटला आहे, बाराव्या टिंबाचा रंग गेला आहे. उद्या माझ्या जागी नवी पट्टी येईल. तिला कृपा करून भिंतीकडे तोंड करून धरू नका, एवढीच तुमच्यातल्या होऊ घातलेल्या पोलिसांना विनंती.

आणि ज्यांना पोलीस व्हायचे नाही, त्यांनाही एक सांगते. तुमचे आजोबा, बाबा, आई, मामा, कुणीही गाडी चालवता चालवता पेंगू लागले, तर ते तुमच्यावर कितीही माया करत असोत, त्यांना जपण्यासाठी गप्प राहू नका. घरात सांगा. त्यांना राग येईल, येऊ द्या. खांद्यावर टकटक करून त्यांना जागे करू नका, मित्रांनो. किल्ली मागा.